नारायणगुडा: वेठ आणि सेवा

हैदराबाद पाहावयास जाणारी आमची मंडळी चारमिनार पाहतात, गोवळकोंड्याच्या चढणीवर धापा टाकतात, सालारजंग संग्रहालयातील घड्याळाचे टोले ऐकण्यासाठी बारा वाजेपर्यंत ताटकळतात आणि मोत्यांच्या दुकानातून काही खरे, काही खोटे घेऊन घरी परततात. नारायणगुडा पाहावयास कोणी जात नाही. तेथे ना किल्ला, ना राजवाडा. काचिगुडा, हिमायतनगर, चिक्कडपल्ली आणि सुलतान बाजार यांच्यामध्ये वसलेला हा शाळा-महाविद्यालयांचा, वह्या-पुस्तकांच्या दुकानांचा आणि अखंड रहदारीचा भाग. डोक्यावरून मेट्रो आगगाडी धावते. ७ फेब्रुवारी २०२० पासून तिचे एक स्थानक येथेही झाले आहे. तेलुगू भाषेत ‘गूडा’ म्हणजे वस्ती, वाडी. नाव वाडीचे राहिले आणि वाडी शहराच्या पोटात केव्हाच विरघळून गेली.

तरीही आम्ही मुद्दाम नारायणगुड्यास गेलो, आणि आपल्या वाचकांनी, विशेषतः मराठवाड्यातील वाचकांनी, कधी तिकडे जाणे झाल्यास तास-दोन तास तेथे काढावेत असे आम्हांस वाटते. मनमाडहून औरंगाबाद (म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर), जालना, परभणी, नांदेड करीत निजामाच्या काळी टाकलेला लोहमार्ग ज्या बाजूने शहरात शिरतो, त्याच बाजूला १९१६ साली बांधलेले काचिगुड्याचे घुमटदार स्थानक आहे. तेथून नारायणगुडा रिक्षाने दहा मिनिटांचीही वाट नाही. याच वाटेने आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतील कितीतरी माणसे नोकरीसाठी, कोर्टकचेरीसाठी, शिक्षणासाठी हैदराबादेत उतरली. १९५६ पर्यंत आमचा मराठवाडा याच राज्यात होता, हे तरुण वाचकांना सांगावे लागते. त्या राज्यात ‘सेवा’ या शब्दाचे दोन अगदी विरुद्ध अर्थ नांदत होते. ते दोन्ही नारायणगुड्याच्या रस्त्यांवर आजही वाचता येतात.

प्रथम दिसते ती केशव मेमोरियल या नावाची पाटी. हे केशव म्हणजे न्यायमूर्ती केशवराव कोरटकर. आपल्याच मराठवाड्यातले, मराठी बोलणारे. वकिली करीत ते हैदराबादच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, आणि १९३२ साली वारले. वकिलीत त्यांनी पैसा मिळविला, पण नाव मागे राहिले ते दुसऱ्याच कामामुळे. वामनराव नाईक यांच्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विवेकवर्धिनी शाळा उभी केली. त्या राज्यात सरकारी शिक्षणाची भाषा उर्दू होती आणि मराठी मुलांना आपल्या भाषेत शिकावयाचे तर लोकांनीच वर्गणी गोळा करून, लोकांतूनच मास्तर काढून, शाळा चालवावी लागे. केशवरावांच्या मागे त्यांचे चिरंजीव बॅरिस्टर विनायकराव विद्यालंकार, जे पुढे हैदराबाद राज्याचे मंत्री झाले, यांनी १९४० साली वडिलांच्या नावाने नारायणगुड्यात शिक्षणसंस्था काढली. आज तिच्या शाळेबरोबर महाविद्यालयेही आहेत, आणि कोरटकर हे नाव मराठी आहे हे तेथील बहुतेक विद्यार्थ्यांच्या गावीही नसावे. त्यात वाईट वाटण्याचे कारण नाही. दिलेले दान दात्याचे राहत नाही.

त्याच भागातील दुसरे नाव माडपाटी हनुमंतराव यांचे. तेलुगू लोक त्यांना आंध्र पितामह म्हणत. हैदराबाद नगरीचे ते महापौरही झाले. त्यांची आणि आम्हां मराठी माणसांची कथा जरा अवघड जागेची आहे, पण ती सांगितलीच पाहिजे. नोव्हेंबर १९२१ मध्ये विवेकवर्धिनीच्या सभागृहात निजाम राज्याची सामाजिक परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे होते. इतर वक्ते आपापल्या भाषेत बोलले. अल्लमपल्ली वेंकटरामराव नावाचे वकील तेलुगूत बोलावयास उठले, तेव्हा मात्र श्रोत्यांतून हशा आणि टाळ्यांचा असा गोंगाट झाला की त्यांना खाली बसावे लागले. हसणाऱ्यांत आमचे लोक होते, ही गोष्ट लपवून काही साधणार नाही. तेलुगू मंडळींनी लगोलग एकत्र बसून आंध्र जनसंघ स्थापन केला. त्यांनी ना दगड उचलले, ना मराठी शाळेवर बहिष्कार घातला. त्यांनी वाचनालये काढली, विद्यार्थ्यांना मदत केली, जुने ग्रंथ व शिलालेख गोळा केले. आणि १९२८ साली हनुमंतरावांनी नारायणगुड्यात तेलुगू माध्यमाची मुलींची शाळा उघडली.

आता या कथेला जे वळण लागले ते आम्हांस फार आवडते. तेलुगूत शिकणाऱ्या त्या मुलींना परीक्षेस बसवावयाचे कोठे? १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. तेव्हा ती शाळा जोडली गेली ती पुण्याच्या महिला विद्यापीठाशी. म्हणजे ज्या कर्व्यांच्या अध्यक्षतेखालील सभेत तेलुगूची थट्टा झाली, त्याच कर्व्यांनी १९१६ साली स्थापिलेल्या विद्यापीठाने तेलुगू मुलींना दार उघडले. कर्वे मातृभाषेतून शिक्षणाचे कट्टे पुरस्कर्ते होते. मातृभाषा मराठी की तेलुगू, हा प्रश्न त्यांच्या लेखी नव्हताच. नारायणगुड्यातील मुलींच्या शिक्षणाचा पाया असा वर्गणीवर आणि परस्परांच्या उदारपणावर रचला गेला. पुढे १९५४ साली निघालेले राजबहादूर वेंकटराम रेड्डी यांच्या नावाचे महिला महाविद्यालयही याच भागात आहे. सकाळी सायकली-स्कूटरवरून लोटणारा मुलींचा लोंढा पाहिला की हे सारे एका शतकाच्या आत घडले यावर विश्वास बसत नाही.

हे झाले ‘सेवा’ शब्दाचा एक अर्थ. दुसरा अर्थ आंध्र जनसंघाने हाती घेतलेल्या पुढच्या कामातून दिसतो. ते काम होते ‘वेट्टी’ बंद करण्याचे. तेलुगूत ‘वेट्टी’, आपल्या मराठीत ‘वेठ’. गावात अंमलदार आला की त्याचे सामान पुढच्या गावापर्यंत वाहून नेणे, त्याच्या घोड्याला गवत, त्याच्या मुदपाकखान्याला लाकूड-पाणी आणि कोंबडी पुरविणे, देशमुखाच्या शेतात आधी नांगर धरणे आणि मग आपल्या, कुंभाराने मडकी, चांभाराने जोडे, परटाने धुणे फुकट देणे, असे हे जू गावातील दुबळ्या जातींच्या मानेवर पिढ्यान् पिढ्या होते. त्यालाही ‘चाकरी’, ‘सेवा’ अशीच गोंडस नावे होती. माडपाटींनी त्याविरुद्ध लिहिले, अर्ज केले, सरकारकडून मनाईचे हुकूम मिळविले. हुकूम कागदावर राहिले व खेड्यांतील वेठ चालूच राहिली. १९४६ ते १९५१ च्या तेलंगणातील शेतकऱ्यांच्या उठावामागे जी कारणे होती, त्यांत ही वेठ एक मोठे कारण होते.

आमच्या वाचकांना वेठ हा शब्द चर्चच्या वाचनांतूनही ठाऊक आहे. रोमी शिपायांनी रानातून परतणाऱ्या कुरेनेकर शिमोनास धरले ते वेठीसच. आणि जो कोणी एक मैल वेठीस धरील त्याच्याबरोबर दोन मैल जा, ही जी शिकवण आपण ऐकतो, तीतील पहिला मैल शिपायाच्या सक्तीचा आणि दुसरा चालणाऱ्याच्या खुशीचा. वेठ कोठे संपते आणि सेवा कोठे सुरू होते, याची खूण त्या दोन मैलांच्या मधल्या दगडावर आहे.

स्वतंत्र भारताच्या घटनाकारांपुढेही हा दगड आला होता. राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली. मात्र त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या भागात अशीही तरतूद ठेविली की सार्वजनिक कामासाठी राज्याला सक्तीची सेवा लावता येईल, परंतु ती लावताना धर्म, वंश, जात किंवा वर्ग एवढ्यावरून भेद करता येणार नाही. म्हणजे वेठ उरलीच तर सर्वांवर सारखी! ज्या घटनासमितीने हे ठरविले तिच्यात एक बाई होत्या, ज्यांचे नाव नारायणगुड्यापासून फार लांब नसलेल्या विद्यानगरातील रुग्णालयावर आज आहे. त्या दुर्गाबाई देशमुख.

दुर्गाबाई मूळच्या राजमहेंद्रीच्या. १९२३ साली काकिनाडा येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या आणि तेथील खादी प्रदर्शनाच्या दारात स्वयंसेविका म्हणून उभ्या होत्या. तिकिटावाचून कोणास आत सोडावयाचे नाही, एवढेच त्यांना सांगितलेले. जवाहरलाल नेहरू आले, तिकीट नव्हते, मुलीने त्यांना अडविले. संयोजक धावत आले, रागावले. मुलगी म्हणे, मला सांगितले तसे मी केले. शेवटी तिकीट काढले गेले तेव्हाच पाहुणे आत गेले, आणि त्या मुलीच्या निष्ठेचे त्यांनी कौतुक केले. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते, परंतु तिच्यातील एक बारकावा सुटून जातो. चौदा वर्षांच्या मुलीला कोणीतरी एक निश्चित दार, एक निश्चित काम आणि ते करण्याचा पूर्ण अधिकार दिला होता. आमच्या सभा-समारंभांत स्वयंसेवकांच्या छातीवर फीत लावतात आणि मग काय करावे हे कोणीच सांगत नाही. ती मुले मंडपाच्या खांबाला टेकून उभी राहतात.

१९५३ साली दुर्गाबाईंचा विवाह चिंतामणराव देशमुख यांच्याशी झाला. रायगड जिल्ह्यातील नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री, आणि मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडणारे म्हणून मराठी माणसाच्या घराघरात ज्यांचे नाव गेले, तेच हे चिंतामणराव. त्याच वर्षी दुर्गाबाई केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. गावोगावच्या स्वयंसेवी संस्थांना, बालवाड्यांना व महिला मंडळांना हात देणे हे त्या मंडळाचे काम. त्यांनी स्थापिलेल्या आंध्र महिला सभेचे काम पुढे हैदराबादेत वाढले. १९८१ साली दुर्गाबाई गेल्या. पुढच्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी हैदराबादेत चिंतामणरावांनी देह ठेविला.

या चिंतामणरावांकडे १९५९ साली एक विलक्षण प्रश्न सोपविण्यात आला. देशातील शिकलेल्या तरुणांना खेड्याची, श्रमाची ओळख राहिली नाही, ही खंत नेहरूंच्या मनात होती आणि १९५८ साली त्यांनी मुख्यमंत्र्यांना त्याविषयी लिहिलेही होते. राष्ट्रीय सेवेची योजना कशी असावी हे ठरविण्यासाठी समिती नेमली गेली व चिंतामणराव तिचे अध्यक्ष झाले. समितीने सांगितले: शालान्त परीक्षा झाल्यावर महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा करावी, आणि ती सक्तीची असावी. हेतू थोर होता. पण खर्च अवाढव्य, आणि इतक्या मुलांना राबवून घेणार कोण, त्यांना शिकविणार कोण, झोपविणार कोठे? ती शिफारस तशीच राहिली. मग १९६० साली शिक्षणतज्ज्ञ ख्वाजा गुलाम सय्यदैन यांनी निरनिराळ्या देशांतील अशा योजना अभ्यासून असे मत दिले की आपल्याकडे सेवा ऐच्छिकच असावी. कोठारी आयोगाने तिला शिक्षणाशी जोडण्यास सांगितले. एक तप वादविवादात गेले आणि गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. ३७ विद्यापीठे आणि सुमारे ४०,००० विद्यार्थी, एवढीच सुरुवात होती.

चिंतामणरावांविषयी आम्हांस अत्यंत आदर आहे. तरीही या एका बाबतीत देशाने त्यांचे ऐकले नाही हे बरे झाले, असे आम्हांस वाटते. ज्या राज्याने वेट्टी पाहिली त्या राज्यातील खेड्यात सक्तीने धाडलेला विद्यार्थी कुदळ हातात घेऊन उभा राहिला असता, तर गावातील म्हाताऱ्यांना काय आठवले असते? आणि सक्तीच्या मागोमाग वशिला येतोच. श्रीमंताच्या मुलाला दुखण्याचा दाखला मिळाला असता व गरिबाच्या मुलाने दोघांचे खड्डे खणले असते.

मात्र सक्ती टाळली म्हणजे काम संपत नाही. खुशीने यावयाचे तर येण्यासाठी जागा हवी. आज राष्ट्रीय सेवा योजनेत तीस लाखांहून अधिक विद्यार्थी आहेत. आकडा मोठा दिसतो. पण देशात उच्च शिक्षण घेणारे तरुण २०२१-२२ सालीच ४ कोटींच्या वर गेले होते. साधारणपणे शंभर मुलांचे एक पथक, त्यावर एक प्राध्यापक, दोन वर्षांत मिळून २४० तास काम, आणि एखाद्या दत्तक गावी सात दिवसांचे शिबिर, असा तिचा आराखडा आहे. त्या शिबिराला पथकातील निम्म्याच मुलांना जाता येते. म्हणजे ज्यांना यावयाचे आहे त्यांच्यातीलही अर्धे दाराबाहेर!

नारायणगुड्यात एका महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर आम्हांस एक मुलगी भेटली. आमचे मराठी कानी पडताच तिने आपण होऊन चौकशी केली. जालना जिल्ह्यातील खेड्यातली, मामांकडे राहून शिकणारी. या योजनेच्या शिबिराला जाऊन आली होती.

“काका, पहिल्या दिवशी आम्ही झाडू घेऊन निघालो, तर गावातल्या बाया दारात उभ्या राहून हसायल्या,” ती म्हणाली. “त्यांचं अंगण आमच्या हॉस्टेलपेक्षा साफ होतं. तिसऱ्या दिवशी एक आजी पासबुक घेऊन आली. तिची पेन्शन का येईना, ते तिला कळत नव्हतं. माझी मैत्रीण तेलुगू बोलायची, मी अर्ज भरायचे. दुसऱ्या दिवशी रांग लागली. मग झाडू कुणी विचारलाच नाही.”

“आणि तुझ्या स्वतःच्या गावात असे काही केलेस का, बाळ?”

ती जरा थांबली. “नाही, काका. कुणी विचारलंच नाही.”

आम्ही पुढे काही बोललो नाही, कारण तिच्या गावासारख्या पुष्कळ गावांत विचारणाऱ्यांपैकी आम्हीच असावयास हवे होतो. सेवेची आवड मुलांत नाही, मोबाइलमध्ये डोके घालून बसतात, ही तक्रार आम्ही दर रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या आवारात ऐकतो. परंतु आपल्या धर्मग्रामातील महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींची यादी कोणी केली आहे काय? कोणास लेखा येतो, कोण गाडी चालवितो, कोणास आजाऱ्याची शुश्रूषा जमते, हे विचारले आहे काय? १८३३ साली पॅरिसमध्ये व्हिन्सेंट डी पॉल संस्था सुरू झाली ती फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांच्या हातून. ओझानाम तेव्हा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. त्याला कोणी लहान म्हणून बाजूला बसविले असते, तर?

नारायणगुड्यातच आणखी एक ठिकाण आहे, जेथे सक्ती, पैसा आणि खुशी यांतील भेद अगदी बाटलीत भरून दाखविल्यासारखा दिसतो. इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेन्टिव्ह मेडिसिन ही ती सरकारी संस्था. पिण्याचे पाणी, खाद्यपदार्थ यांची तपासणी हे तिचे नित्याचे काम, आणि तेथे रक्तपेढीही आहे. रक्त कारखान्यात होत नाही, ते माणसाच्या अंगातूनच यावे लागते. एके काळी आपल्या देशात पैसे घेऊन रक्त देणारे लोक असत. भुकेपोटी तीच माणसे पुनः पुन्हा रक्त विकीत, रोग लपवीत, आणि ते रक्त रुग्णाच्या अंगात जाई. जानेवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत दोन वर्षांत बंद करण्याची आज्ञा दिली आणि १ जानेवारी १९९८ पासून ती देशभर बंद झाली. तेव्हापासून साऱ्या देशाची रुग्णालये दात्यांच्या खुशीवर चालली आहेत. यापेक्षा मोठी राष्ट्रीय सेवा कोणती, आणि यापेक्षा सोपी तरी कोणती?

वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, आणि रक्तातील हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली नसावे, एवढ्यावर निरोगी माणूस रक्त देऊ शकतो. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा देता येते. एका वेळी ३५० मिलिलिटर घेतात. पातळ भाग एक-दोन दिवसांत भरून येतो आणि तांबड्या पेशी काही आठवड्यांत. तरीही खेड्यात ‘अंगात अशक्तपणा राहतो’ ही भीती घट्ट बसली आहे, आणि विशेष म्हणजे ती रांगड्या गड्यांतच अधिक आढळते. आणखी एक अडचण ध्यानात घ्यावी. साठविलेल्या तांबड्या पेशी पाच-सहा आठवडे टिकतात, तर रक्तबिंबिका केवळ पाच दिवस. म्हणून वर्षातून एकदा, पुढाऱ्याच्या वाढदिवशी, दोनशे बाटल्या जमविण्यापेक्षा वर्षभर विखुरलेले वीस-वीस दाते रुग्णालयाला अधिक उपयोगी पडतात. वाढदिवसाचे फलक मात्र दोनशे बाटल्यांचेच लागतात.

सेवा ही तरुणांचीच, हाही एक गैरसमज आहे, आणि तो सरकारी योजनाही पोसतात. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी केंद्र सरकारने ‘मेरा युवा भारत’ ही नवी संस्था काढली. तिचा रोख १५ ते २९ वर्षांच्या तरुणांवर आहे. ठीकच आहे. परंतु निवृत्त शिक्षक, परिचारिका, तलाठी, पोस्टमास्तर यांनी काय करावे? १९६१ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी ‘पीस कोअर’ नावाचे स्वयंसेवकांचे दल उभारले. दूरदेशी जाऊन साधारण दोन वर्षे तेथील लोकांत राहून काम करावयाचे. त्या दलातून १९६६ साली एक विधवा परिचारिका आपल्या मुंबईजवळच्या विक्रोळीस आली. वय वर्षे ६८. तेथील कामगारवस्तीच्या दवाखान्यात तिने जवळजवळ दोन वर्षे सेवा केली. तिचे नाव लिलियन कार्टर. तिचा मुलगा जिमी पुढे १९७७ साली अमेरिकेचा अध्यक्ष झाला, पण ती आली तेव्हा तो कोणी जगप्रसिद्ध नव्हता. अडुसष्टाव्या वर्षी परक्या देशात, परक्या भाषेत, उन्हात. आणि आमच्याकडे अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेल्या परिचारिकेला गावातील बाळंतिणीची चौकशी करावयास कोणी बोलावीत नाही.

एक सावधगिरीची गोष्टही सांगावयास हवी. खुशी असली म्हणजे पुरते असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादकडची ती गावेही एके काळी याच हैदराबाद राज्यातली. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसे धावली, त्यांत विद्यार्थी होते, तसेच अनेक धर्मांच्या संस्थांचे कार्यकर्ते होते. त्यांनी पावसात, चिखलात केलेले काम आम्ही विसरणार नाही. पण त्यांच्याबरोबर बघ्यांचीही रीघ लागली आणि रस्ते तुंबले. दगडामातीच्या ढिगाखालील माणूस कसा शोधावा, जखमी कसा उचलावा, हे फार थोड्यांना ठाऊक होते. यासाठी २०१६ पासून ‘आपदा मित्र’ नावाची योजना आहे. आरंभी पुराचा धोका असलेल्या ३० जिल्ह्यांत प्रत्येकी २०० स्वयंसेवक शिकविण्याचे ठरले, पुढे ती ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांपर्यंत वाढविण्यात आली. बारा दिवसांचे शिक्षण, त्यात पूर, आग, प्रथमोपचार, दोरीचे काम. ज्यांच्या गावाला नदी आहे त्यांनी आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयातील आपत्ती व्यवस्थापन कक्षात जाऊन या योजनेची चौकशी करावी. तो कक्ष कोठे आहे हे एरवी पूर आल्यावरच गावाला कळते.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांवर टीका करणे सोपे आहे. स्वच्छ रस्ता पुन्हा झाडणे, पाहुण्यांचे हार, प्रमाणपत्रापुरती हजेरी आणि वाढीव गुणांवर डोळा, हे सारे आम्हीही पाहिले आहे. परंतु शिबिराला काम कोणते द्यावे हे गावाने सांगितले नाही, तर प्राध्यापक बिचारे झाडूच देणार. जालन्याच्या त्या मुलीने जे तिसऱ्या दिवशी शोधून काढले, ते गाव पहिल्याच दिवशी सांगू शकले असते. आमच्या खेड्यांतही बंद पडलेल्या पेन्शनी आहेत, गाळाने भरलेल्या विहिरी आहेत, सातबाऱ्यावरील नावाच्या चुका आहेत आणि तिसरीत जाऊनही वाचता न येणारी मुले आहेत.

महाराष्ट्रात ही शिबिरे बहुधा हिवाळ्यात होतात आणि गाव त्यापूर्वीच ठरलेले असते. म्हणून सरपंचांनी, किंवा धर्मग्रामाच्या मंडळाने ग्रामपंचायतीच्या संमतीने, दिवाळीपूर्वीच तालुक्याच्या महाविद्यालयातील प्राचार्यांना पत्र लिहावे. पत्रात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात. पहिली, काम नेमके कोणते आणि किती. दुसरी, पन्नास मुलामुलींच्या निवाऱ्याची सोय कोठे, मुलींना स्वतंत्र खोली व स्वच्छतागृह आहे की नाही. तिसरी, मुले परत गेल्यावर ते काम पुढे कोण चालविणार, आणि येथे गावातील निदान चार माणसांची नावे असावीत. ती चौघे शिबिराच्या सातही दिवशी मुलांबरोबर कुदळ घेऊन उभी राहणार आहेत, असेही त्याच पत्रात लिहून टाकावे.